विश्लेषण : 'ॲक्रिलिक हार्डवुड' फ्लोअरिंग म्हणजे नक्की काय? लाकूड नावात आहे की पट्टीतही?

गेल्या वर्षी डोंबिवलीतल्या आमच्या घराचं काम काढलं. जुन्या मोझॅकच्या लाद्या फोडायच्या नाहीत, त्यावरच वुडन फ्लोअरिंग टाकायचं, असं ठरलं. दुकानात गेल्यावर विक्रेत्याने एक पट्टी पुढे केली आणि बाबांना म्हणाला, "काका, हे ॲक्रिलिक हार्डवुड आहे. खिळ्याने घासून बघा." बाबांनी घासलं. ओरखडा उठला नाही. तिथेच टोकन दिलं.

पहिल्याच पावसाळ्यात बाल्कनीच्या दाराखालून पाणी आत आलं. आईने लगेच पुसून घेतलं, पण दोन-चार दिवसांत पट्ट्यांच्या कडा फुगून वर आल्या. सुताराने एक पट्टी उचकटून दाखवली. आत दाबलेला बारीक भुसा आणि त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद. हार्डवुड तर नव्हतंच, ॲक्रिलिकही नव्हतं. बिल काढून पाहिलं, तर त्यावर फक्त 'वुडन फ्लोअरिंग, ८ मिमी' एवढंच लिहिलेलं. भांडायचं तरी कशावर?

मी इंजिनीअरिंग केलंय. त्या दिवशी दुकानात मीही बाबांच्या शेजारी उभा होतो आणि पट्टीची कड उलटून पाहण्याचं मला सुचलं नाही. नंतर वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की 'ॲक्रिलिक हार्डवुड' नावाची वस्तू खरोखर असते, चांगली असते आणि तिचा इतिहास कुणालाही वाटेल त्यापेक्षा विचित्र आहे. पण आपल्या दुकानांत या नावाखाली दुसरंच काही विकलं जाऊ शकतं. म्हणून हे विश्लेषण.

खरं ॲक्रिलिक हार्डवुड म्हणजे काय?

लाकूड भरीव दिसतं, पण ते पोकळ नळ्यांचा गठ्ठा असतं. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी वर चढतं. झाड कापून वाळवलं की त्या नळ्यांत हवा उरते. लाकडावर जड वस्तू पडली की खड्डा पडतो, तो या रिकाम्या नळ्या चेपल्या गेल्यामुळे.

या नळ्यांमध्ये पातळ ॲक्रिलिक भरायचं आणि ते आतच घट्ट करायचं, ही ॲक्रिलिक भरलेल्या लाकडामागची साधी कल्पना. हा वरून मारलेला कोट नाही. पट्टी मधोमध कापली तरी आत ॲक्रिलिक सापडतं. शिवाय भरतानाच रंग मिसळला, तर तो लाकडात खोलवर जातो. त्यामुळे ओरखडा पडला तरी खालून पांढुरकं लाकूड डोकावत नाही.

'हार्डवुड' या शब्दाचाही गोंधळ आहे. हार्डवुड म्हणजे कडक लाकूड नव्हे. रुंद पानांच्या झाडांचं लाकूड ते हार्डवुड आणि पाइन, देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांचं ते सॉफ्टवुड. खेळण्यातली विमानं ज्या हलक्याफुलक्या बाल्साची बनतात, तेही हार्डवुडच! त्यामुळे 'हार्डवुड आहे' या वाक्यावरून पट्टी किती कडक आहे, हे अजिबात कळत नाही.

हे बनतं कसं?

आधी लाकूड नीट वाळवतात. मग ते पोलादी टाकीत ठेवून पंपाने हवा खेचून घेतात, म्हणजे नळ्यांतलीही हवा निघते. त्यानंतर टाकीत मिथाइल मेथाक्रिलेट हे पाण्यासारखं पातळ रसायन सोडतात आणि दाब देतात. ते रिकाम्या नळ्यांत शिरतं. मग त्याचं घन प्लॅस्टिक करतात. हे प्लॅस्टिक आपल्या ओळखीचंच आहे. दुकानांच्या पाट्यांची ॲक्रिलिक शीट आणि दाताच्या कवळीचा गुलाबी भाग याच कुळातला.

प्रत्येक लाकूड हे भरून घेत नाही. अमेरिकेतला रेड ओक यासाठी सोयीचा, कारण त्याच्या नळ्या मोकळ्या असतात. लहानशा तुकड्याच्या एका टोकाने फुंकर मारली तर दुसऱ्या टोकाने हवा येते. त्याचाच भाऊ व्हाइट ओक मात्र नळ्या आतून बंद करून घेतो. म्हणून दारूची पिंपं व्हाइट ओकची करतात आणि ती गळत नाहीत. झाडाचा आतला गाभा सहसा बाहेरच्या भागापेक्षा भरायला अवघड असतो. तेव्हा कुणी 'ॲक्रिलिक भरलेलं सागवान' दाखवलं, तर दोन प्रश्न जास्त विचारा. सागाच्या गाभ्यात द्रव सहजासहजी शिरत नाही.

यात अणुऊर्जा कुठून आली?

पातळ ॲक्रिलिक घट्ट करायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे त्यात रसायन मिसळून उष्णता देणं. दुसरा म्हणजे गॅमा किरणांचा मारा करणं. सुरुवातीच्या काळात दुसऱ्या मार्गाचा मोठा बोलबाला होता.

१९५३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 'शांततेसाठी अणू'ची घोषणा केली. त्यानंतर अणुऊर्जेचे नागरी उपयोग शोधायची तिथे चढाओढ लागली. १९६०च्या दशकात तिथल्या अणुऊर्जा आयोगाने लाकडात प्लॅस्टिक भरून ते किरणांनी घट्ट करण्याच्या संशोधनाला पैसा दिला. म्हणजे ही फरशी गृहिणीच्या किंवा दुकानदाराच्या मागणीतून जन्मली नाही. हातात किरणं होती आणि त्यांना काम शोधलं जात होतं.

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या क्वेहाना या जंगलभागातली गोष्ट या सगळ्याचं सार सांगते. १९५५ मध्ये राज्य सरकारने इथली जमीन कर्टिस-राइट या कंपनीला दिली. तिला अणुशक्तीवर चालणारी विमान इंजिनं बनवायची होती. ती कधीच उडाली नाहीत. १९६०च्या दशकात मार्टिन-मॅरिएटा कंपनीने तिथल्या जाड भिंतींच्या खोल्यांमध्ये स्ट्रॉन्शियम-९० हे अत्यंत घातक किरणोत्सारी द्रव्य हाताळलं. पुढे त्याच इमारतीत कोबाल्ट-६०च्या किरणांनी ॲक्रिलिक भरलेल्या लाकडाचं उत्पादन सुरू झालं. १९७८ पासून परमाग्रेन ही कंपनी ते करत होती.

फरशी चांगली होती. पण इमारतीत आधीच्या भाडेकरूंचं स्ट्रॉन्शियम मागे राहिलं होतं. १९९८ मध्ये सफाईचं मोठं काम सुरू झालं. ते चालू असतानाच डिसेंबर २००२ मध्ये परमाग्रेनचं दिवाळं निघालं आणि कारखान्यातल्या कोबाल्टची जबाबदारीही राज्य सरकारवर येऊन पडली. सफाईचा खर्च सुमारे ३ कोटी डॉलरवर गेला. हे पैसे भरले ते जनतेच्या तिजोरीतून.

इथे न्यायाने बोलायला हवं. स्ट्रॉन्शियमचा दोष फ्लोअरिंगचा नव्हता. पण फरशीच्या खोक्यावर जी किंमत छापलेली असते, ती सगळी किंमत नसते, हे क्वेहानाने दाखवून दिलं.

मग ही फरशी किरणोत्सारी असते का?

नाही. हे ठामपणे सांगायला हवं, कारण व्हॉट्सॲपवर असल्या गोष्टी भलत्याच रूपात फिरतात. कोबाल्ट-६०चे गॅमा किरण लाकडातून आरपार जातात, ॲक्रिलिकचे रेणू एकमेकांना जोडतात आणि संपतात. लाकूड किरणोत्सारी होत नाही. टॉर्च बंद केल्यावर भिंत उजळत राहत नाही, तसंच.

याचं उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' हे विकिरण केंद्र आहे. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून तिथे हेच कोबाल्टचे गॅमा किरण वापरतात. २००७ मध्ये आपला हापूस अमेरिकेला जाऊ लागला, तोही अशाच विकिरणानंतर. तो आंबा लोकांनी खाल्ला. फरशीवर तर फक्त चालायचं आहे.

किरणांचा धोका असतो तो कारखान्यात. कोबाल्ट-६० निम्मं व्हायला सव्वापाच वर्षं लागतात, म्हणजे कंपनी बंद पडली तरी त्याच्याकडे पुढची अनेक वर्षं लक्ष द्यावं लागतं. उष्णतेने घट्ट करण्याच्या पद्धतीत हे लचांड नाही.

कडकपणाचा आकडा किती खरा?

लाकडाचा कडकपणा 'यान्का' चाचणीने मोजतात. ऑस्ट्रियाचे गॅब्रिएल यान्का यांनी १९०६ मध्ये ती आखली. ११.२८ मिमी व्यासाचा पोलादी गोळा लाकडात निम्मा घुसवायला किती जोर लागतो, तो आकडा. रेड ओकसाठी तो सुमारे १,२९० पाउंड आहे. आपलं सागवान त्याहून थोडं मऊच आहे. सागाला मान मिळतो तो कडकपणामुळे नाही. त्यातलं नैसर्गिक तेल, वाळवीला दाद न देणं आणि कमी फुगणं यामुळे तो मिळतो.

ॲक्रिलिक भरल्यावर हा आकडा दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. जिथे रोज हजारो लोक बूट घालून चालतात अशा विमानतळावर, शोरूममध्ये, संग्रहालयात याचा मोठा फायदा आहे.

पण घरात? एक साधा हिशेब करू. ६० किलो वजनाची व्यक्ती टोकदार टाचेच्या चपलेवर तोल देऊन उभी राहिली आणि टाच १ चौरस सेंटिमीटरची असली, तर तेवढ्याशा जागेवर ६० किलोचा भार येतो. तीच व्यक्ती अनवाणी एका पायावर उभी राहिली आणि पाऊल सुमारे १२० चौरस सेंटिमीटर टेकलं, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर भार येतो अर्धा किलो. आपण चपला दाराबाहेर काढतो. आपल्या फरशीचे खरे शत्रू म्हणजे ओढत नेलेला गॅस सिलिंडर, हातातून सुटलेला खलबत्त्याचा बत्ता आणि रोजचा ओला पोछा. पहिल्या दोघांशी ॲक्रिलिक लढेल. तिसऱ्याशी?

पाण्याचं काय?

आमच्या घरी जे झालं त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. खरं ॲक्रिलिक हार्डवुड असतं तर ते इतक्या लवकर फुगलं नसतं, हे खरं. पण ते 'वॉटरप्रूफ' असतं, असं नाही.

कारण असं. ॲक्रिलिक नळ्यांच्या पोकळीत बसतं. नळ्यांच्या भिंतींत ते फारसं शिरत नाही. लाकूड पाणी पिऊन फुगतं ते भिंतींमुळे. चाळीतल्या सगळ्या खोल्या काँक्रीटने भरून टाकल्या, तरी मधल्या भिंती विटांच्याच राहतात आणि त्यांतून ओल चढतेच. तसंच हे. ॲक्रिलिकमुळे पाण्याचा वेग मंदावतो. सांडलेला चहा पुसायला पुरेसा वेळ मिळतो. पण चार महिन्यांची कोकणातली दमट हवा, तळमजल्याच्या कोब्यातून वर येणारी ओल किंवा बाथरूमच्या उंबऱ्याशी साठणारं पाणी यापुढे ते कायमचं टिकून राहत नाही.

आणखी एक गोष्ट. ॲक्रिलिक भरणं महाग असतं. म्हणून आज मिळणाऱ्या अशा फ्लोअरिंगमध्ये बऱ्याचदा वरचा काही मिलिमीटरचा थरच भरलेल्या लाकडाचा असतो आणि खाली प्लायवूड किंवा तत्सम पाया चिकटवलेला असतो. वरचा थर कितीही दणकट असला, तरी सांध्यातून गेलेलं पाणी खालच्या पायापर्यंत पोहोचतं. फॉर्मल्डिहाइडच्या वासाचा प्रश्नही सहसा ॲक्रिलिकपेक्षा या पायातल्या डिंकातून येतो.

आणि शेवट? जुन्या घराचं सागवान पुन्हा दाराला, पाटाला लागतं. अगदीच काही नाही तर बंबात जातं. प्लॅस्टिक भरलेलं लाकूड सहजासहजी कुजत नाही, वितळवून पुन्हा वापरता येत नाही आणि ते बंबात घालू नये. तो कचराच होतो.

बाजारात 'वुडन' नावाखाली काय काय मिळतं?

फ्लोअरिंगच्या दुकानात साधारण पाच गोष्टी एकाच शब्दाने ओळखल्या जातात.

*लॅमिनेट :* मध्ये दाबलेल्या भुशाचा एचडीएफ बोर्ड, वर लाकडाचं छापील चित्र, त्यावर मेलामाइनचा पारदर्शक थर. या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. बाबांचा खिळा हरला तो त्यांच्यामुळे. वरून दणकट, पाण्यापुढे कडा कच्च्या.

*इंजिनिअर्ड वुड :* वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, खाली प्लाय.

*भरीव लाकूड :* पूर्ण जाडीचं एकच लाकूड. महाग, पण पुन्हा पुन्हा घासून पॉलिश करता येतं.

*एसपीसी :* दगडाची भुकटी आणि पीव्हीसी. यात लाकूड नसतंच. पाण्याला मात्र उत्तम.

*डब्ल्यूपीसी :* लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचं मिश्रण. गंमत म्हणजे ॲक्रिलिक भरलेल्या खऱ्या लाकडालाही शास्त्रीय लिखाणात याच नावाने ओळखतात. नाव एक, वस्तू दोन.

'ॲक्रिलिक' शब्दाचंही तसंच. किचन ट्रॉलीच्या चकचकीत दारांवर ॲक्रिलिकची शीट चिकटवलेली असते. काही पॉलिशमध्येही ॲक्रिलिक असतं. शीट, कोट आणि आतवर भरलेलं, तिघांनाही विक्रेता 'ॲक्रिलिक' म्हणू शकतो. शब्दशः तो खोटं बोलत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

टोकन देण्याआधी काय करावं?

पट्टीची कापलेली कड पाहा. लाकडाच्या रेषा वरून आत उतरत असतील तर लाकूड खरं. रेषा वरच्या वर थांबत असतील तर ते चित्र आहे. दोन पट्ट्यांवर अगदी सारखीच गाठ दिसली, तर ती छापलेली आहे.

वरचा थर किती मिमीचा, खालचा पाया कशाचा आणि ॲक्रिलिक आत भरलंय की वर लावलंय, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरं कोटेशनवर आणि बिलावर लिहून घ्या.

एक तुकडा मागून घरी आणा. जाडी मोजा, २४ तास बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा, पुन्हा मोजा. कुठल्याही जाहिरातीपेक्षा ही चाचणी जास्त सांगते.

पट्टी खराब झाल्यास तेवढीच बदलता येते का, तीच छटा दोन वर्षांनी मिळेल का, तेही विचारा. वरचा थर पातळ असेल तर घासून नवं करायला फारसा वाव नसतो.

माझं मत

ॲक्रिलिक भरलेलं लाकूड हे हुशारीचं तंत्रज्ञान आहे. वर्दळीचं दुकान, लॉबी किंवा संग्रहालय असेल आणि खरं लाकूडच हवं असेल, तर त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे. अनवाणी वावर असलेल्या आणि रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या दोन खोल्यांच्या घराला मात्र त्याची गरज कमी आहे. तिथे पाण्याचा विचार आधी करावा, कडकपणाचा नंतर.

पण माझी खरी तक्रार तंत्रज्ञानाशी नाही, नावाशी आहे. २०११च्या वेष्टित वस्तू नियमांनुसार खोक्यावर उत्पादक किंवा आयातदार, वस्तूचं सर्वसामान्य नाव, किंमत आणि आयात मालाचा मूळ देश छापावा लागतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा आणि शुद्धता जाणून घेण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. तरीही 'वुडन फ्लोअरिंग' हे दोन शब्द बिलावर टाकले की काम भागतं. बिस्किटाच्या दहा रुपयांच्या पुड्यावर आत काय आहे ते टक्क्यांसकट वाचता येतं. लाखभर रुपयांच्या फरशीच्या खोक्यावर वरचा थर कशाचा आणि किती जाड, पाया कशाचा, भरण आहे की कोट, एवढ्या तीन ओळी का असू नयेत?

दुकानदार म्हणतात, गिऱ्हाईक फक्त चौरस फुटाचा दर विचारतं. त्यात तथ्य आहे. आम्हीही तेच विचारलं होतं. पण गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून सांगायचं नाही, हा न्याय औषधाला किंवा तेलाच्या डब्याला आपण लावत नाही. आयुष्यभराच्या बचतीतून घर सजवणाऱ्या माणसाने आधी लाकूडशास्त्र शिकून यावं, ही अपेक्षा योग्य नाही. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. मात्र त्यासाठी बिलावर काहीतरी ठोस लिहिलेलं असावं लागतं. आमच्या बिलावर ते नव्हतं.

शेवटी आम्ही सगळ्या पट्ट्या काढून टाकल्या. त्या चिकटवलेल्या नव्हत्या, फोमवर नुसत्या अंथरलेल्या होत्या. त्यामुळे खालच्या मोझॅकच्या लाद्या शाबूत निघाल्या. त्याच घासून पॉलिश करून घेतल्या. एक फुगलेली पट्टी मी फेकली नाही. कुणी ओळखीचं 'आम्ही पण वुडन करतोय' म्हणालं, की तिची कड त्यांना दाखवतो.